करड्या गाडीची डावी बाजू

३ फेब्रुवारी, सोमवार

डावी बाजू मेलेली आहे.

सुजीतच्या यार्डात डबा द्यायला गेले होते. घरापासून दहा मिनिटं, इथे आखातात या दिवसांत ऊन सोसतं. फाटकात नवी गाडी उभी — करडी, लांबच लांब, मागे एवढी पेटी की पनवेलचं माझं सगळं भांडंकुंडं मावेल. रंग असा चकचकीत की मोतीबिंदू काढलेला डोळा दिपला. सवयीने हात गेला. बोटाने वाजवलं. तेवीस वर्षं पनवेलच्या बाजारात माठ विकले मी, वाजवल्याशिवाय मी जावईसुद्धा घेतला नसता.

उजवीकडे टण्ण. डावीकडे, मागच्या दारापासून शेवटपर्यंत — ढप्प. परत वाजवलं. ढप्प. चाकावर ढप्प, छताच्या कडेला ढप्प. पत्र्यावर बोटभर जाड लांबी, पुट्टी थापलीय!

इद्रीस बाजूला चहा पीत होता. ठोकाठोकी करून गाड्या सरळ करणारा तो. म्हणाला, "अम्मा, हाथ मत लगाओ." मी म्हटलं, अंदर क्या है? त्याने आजूबाजूला कोणी आहे का पाहिलं. मग हळूच म्हणाला, "पीछे का बायाँ हिस्सा दूसरी गाडी का है. काट के जोडा. दोनों अमेरिका में ठुकी थीं."

म्हणजे नरसिंह केलाय!

सुजीतला विचारलं. "आई, डबा ठेव आणि घरी जा."

आले घरी. येताना रस्ता ओलांडायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

भाजीत दोनदा मीठ पडलं. माझ्या हातून! शुभ्राने ताक ओतून मुकाट्याने खाल्लं. एरवी ही सून मिठावरून मला सोडत नाही. म्हणजे तिलाही माहीत आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

सुजीत जेवताना खुशीत. गाडीला गिऱ्हाईक लागलंय. गोरा, विलायतेचा, इथे कुठल्याशा कंपनीत साहेब.

मी म्हटलं, गोऱ्याला एवढी लांब गाडी कशाला? वऱ्हाड न्यायचंय?

"तुला नाही कळायचं, आई. त्यांच्याकडे ही लांब पेटीची गाडी म्हणजे घरंदाज माणसाची. बाप चालवायचा, आजोबा चालवायचा. मागे कुत्रा, छत्र्या, चिखलाचे बूट. पण तिकडच्या गाडीला जोर नाही. अमेरिकन गाडीला आठ सिलिंडर — रेड्याची ताकद! वरून संसारी, आतून रेडा. दोन्ही एकात मिळालं की गोरा खलास!"

तिकडे म्हणे या गाड्या विकायला नसतातच. अमेरिकेनेही बनवायच्या थांबवल्यात. म्हणून जी सापडेल तिच्यावर उड्या. पाय दाबला की साडेचार सेकंदांत शंभर.

साडेचार सेकंदांत मी चष्मा पण पुसत नाही.

विचारलं — आणि शंभरावर गेल्यावर डावी बाजू सुटली तर?

ताट सरकवलं आणि उठला.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज गोरा आला. आभाला सुट्टी होती म्हणून नातीला घेऊन डबा द्यायला गेले, तर तो फाटकातच. ग्रॅहम नाव. चाळिशीचा, नाक सोललेलं, अर्धी चड्डी. बायको हॅना, बारीक, दमलेली. कडेवर दीड वर्षाचं पोर — टोबी. आणि घोड्याएवढा कुत्रा. कुत्र्याचं नाव ॲल्फ्रेड! आमच्या खालच्या मजल्यावर वसईचे ॲल्फ्रेड राहतात, चर्चमध्ये गातात. त्यांना सांगणार नाही.

गोरा गाडीभोवती असा फिरत होता, जसा नवरा मुलगा खिडकीतून मुलगी बघतो. हात फिरवत होता. डावीकडूनही फिरवला. वाजव मेल्या, नुसता कुरवाळतोस काय! पण तो कुरवाळतच राहिला.

आभाला म्हटलं, काय म्हणतोय सांग. ती म्हणाली, "आजी, ही लाइक्स इट. व्हेरी मच." मी म्हटलं, ते मला आंधळीलाही दिसतंय, शब्द सांग. मग सांगितलं. त्याच्या बापाकडे असली लांब गाडी होती, पण मरतुकडी, चढावर खाली उतरून ढकलायला लागायची. मागच्या पेटीत बसून तो आणि भाऊ पाठच्या गाड्यांना जीभ दाखवायचे. तेव्हापासून मनात होतं — अशीच गाडी, पण पळणारी. लाल, बुटक्या, दोन दारांच्या गाड्या इथे कोणीही घेतं, बघणारे बघतात, त्याला तसलं नको. ही कशी, किराणा आणायला निघाल्यासारखी दिसते. शेजारच्याला पत्ता नाही. आणि सिग्नल सुटला की —

पुढे आभाने मराठी सोडलं. "द होल पॉइंट इज, नोबडी कॅन टेल फ्रॉम आउटसाइड."

बाहेरून कोणाला कळत नाही. तेच तर! आम्ही पण तेच विकतोय.

परत जाताना ही गाडी बोटीने विलायतेला नेणार आहे. तिकडे स्टिअरिंग उलट्या बाजूला, गल्लीत मावायची नाही, पेट्रोल महाग. तरी नेणार! हॅनाने डोळे वर केले. ती बोट समोर असती तर बुडवून टाकली असती तिने.

मग त्याने स्वतःच्या गाडीतून पोराची खुर्ची काढली आणि मावते का बघायला करड्या गाडीत लावली. मागे. डावीकडे. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्याच्या पाठीशी.

टोबी त्यात बसला आणि मला बघून हसला. चार दात.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. सुजीत गॅलरीत कपडे वाळत घालत होता, तिथे गाठला.

म्हटलं, सांग त्या माणसाला.

"मी वेल्डिंग करत नाही आई. मी विकतो."

म्हटलं, मीही विकत होते.

"कागदावर 'किरकोळ दुरुस्ती' लिहिलंय. राजाभाऊंनी करून आणलाय कागद. मी सांगितलं तर उद्या नोकरी गेली. नोकरी गेली की व्हिसा गेला. शुभ्राची कंपनी नोव्हेंबरातच बंद पडली. आभाची शाळा? वर्ष संपायला चार महिने आहेत. कुठे जाऊ? पनवेलला माठ विकू?"

राजाभाऊ म्हणजे यार्डाचा मालक. पुण्याचा. बोलणं गुळाचं, कपाळाला गंध.

म्हटलं, विक की. माठाने कोणी मेलं नाही.

"तू कधी फुटका विकला नाहीस?"

विकलाय. खोटं कशाला लिहू, इथे कोण वाचतंय? तीन-चार तरी विकलेत. चिरेत मेण भरायचं, वरून गेरू. पण फार तर गिऱ्हाइकाच्या ओट्यावर पाणी व्हायचं. दुसऱ्या दिवशी येऊन शिव्या द्यायची बाई, बदलून द्यायचे. या गाडीवाल्यांतलं शिव्या द्यायला परत कोण येणार?

हे सगळं बोलले त्याला. ओला शर्ट त्याने परत बादलीत टाकला. मग म्हणाला, "आई, प्लीज."

लहानपणी ताप आला की असाच आवाज काढायचा. मी आत आले. मला त्या पोराची भीती वाटते आणि माझ्या पोराचीही. एकाच पोटात दोन भीत्या मावत नाहीत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आभाला म्हटलं, एक वाक्य शिकव इंग्रजीत — ही गाडी घेऊ नका, जोडलेली आहे. "आजी, बाबा विल गेट फायर्ड." अकरा वर्षांची. सगळं कळतं.

शुभ्रा दारात. कधी आली कळलं नाही. म्हणाली, "आई, तुम्हाला इथे करमत नसेल तर तिकीट काढू का परतीचं?" शांतपणे. हसून.

मी म्हटलं, काढ की. खिडकीजवळचं काढ.

बोलले खरी. पण नंतर डाळ निवडायला बसले तर खडे दिसेनात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शनिवारी गोरा बायकोपोरासह येणार. गाडी मोठ्या रस्त्यावर नेऊन दाखवायची. सुजीत चालवणार. राजाभाऊ म्हणाला म्हणे, "जरा दाबून दाखव. ताकद बघितली की तिथेच सही करेल."

जरा दाबून.

त्या डावीकडे कोण बसणार आहे ते त्याला माहीत आहे. सुजीतला माहीत आहे. मला माहीत आहे. कुत्र्याला पण माहीत असेल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काही सुचत नाही. देवासमोर बसले, देवालाही सुचलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सगळं लिहून काढते.

सकाळी डबा घेतला आणि गेले. ग्रॅहम पुढे बसलेला, कुत्रा मागच्या पेटीत. हॅना टोबीची खुर्ची घेऊन डावीकडच्या दाराशी आली. तिच्या आधी मी बसले. डब्यासकट. दार ओढून घेतलं.

सुजीत: "आई, उतर."

मी: नाही.

"आई, हे कस्टमर आहेत. काय करतेयस?"

मी: मलाही बघू दे ना रेडा कसा पळतो ते. चल, घे!

राजाभाऊ धावत आला. "अहो काकू, तुम्ही कुठे, उन्हाचं? या, ऑफिसात एसी आहे, चहा सांगतो." मी म्हटलं, राजाभाऊ, तुम्हीच या, माझ्या मांडीवर बसा. त्याचा गुळाचा चेहरा कसा आंबला! गोऱ्याला वाटलं आजीला हौस. हसला, "लव्हली! लेट हर कम." हॅनाने खुर्ची उजवीकडे लावली आणि मध्ये बसली. टोबीने तिच्यावरून हात लांबवून माझा पदर धरला.

निघालो.

मला भीती वाटली नाही असं लिहिलं तर बोटं झडतील. ते मेलेलं दार माझ्या खांद्याला लागून होतं. आतून किरकिर ऐकू येत होती, की माझे दात वाजत होते, देव जाणे. समोर सुजीतची मान. साठवर चालवत होता. बाजूने ट्रक सूंऽ करून जायचे. ग्रॅहम म्हणाला, "यल्ला, यल्ला!" इथे येऊन सगळ्यांना तेवढं येतं. सुजीतने थोडं दाबलं. गाडी खाली बसली आणि सुटली! माझं डोकं मागे आपटलं, डबा उडाला, कुत्रा भुंकला, गोरा पोरासारखा ओरडला. आनंदाने! मी डोळे मिटले नाहीत. सुजीतचे कान बघत होते. लाल झाले. मग पांढरे.

आरशात त्याने माझ्याकडे बघितलं.

हळू केली. आणखी हळू. कडेला वाळूवर घेतली. किल्ली फिरवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून इंग्रजीत बोलायला लागला. मला एक शब्द कळला — "मदर." बाकी हॅनाच्या तोंडावर वाचलं. तिने पट्टा काढला, पोर छातीशी घेतलं आणि त्या उन्हात, ट्रकांच्या धुळीत उतरून उभी राहिली. ग्रॅहम बसूनच. गाडीच्या पुढच्या फळीवर तळवा ठेवून.

परत येताना ती दोघं टॅक्सीने गेली, पोराकुत्र्यासकट. सुजीतने गाडी चाळीसवर यार्डात आणली. भात सगळा पायाशी सांडलेला. तो मी वेचत होते.

१६ फेब्रुवारी, रविवार

नोकरी गेली. फोनवरच. राजाभाऊने मला फोन द्यायला सांगितला. "काकू, आईनेच लेकराच्या ताटात माती कालवावी?" मी म्हटलं, तुमच्या आईला विचारा, तिने वेळेवर कालवली असती तर तुम्ही नीट झाला असता.

शुभ्राने दार आपटलं. बरोबर आहे तिचं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सुजीत घरी. लसूण सोलतो. सगळीकडे अर्ज टाकलेत, रोज दहादा फोन बघतो. मला "बरं केलंस" म्हणाला नाही. मी काही वाट बघत नव्हते.

बघत होते.

पण भाजीत मीठ बरोबर पडलं आज. एका पोराची भीती तरी गेली. ते चार दातवालं सुटलं. माझं काय, माझं पोर धट्टंकट्टं आहे, लसूण सोलेल, चौकीदारी करेल, जगेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

हॅनाचा फोन आला सुजीतला. दबक्या आवाजात, बाथरूममधून बोलत असावी. ग्रॅहमने शनिवारी राजाभाऊकडून तीच गाडी घेतली. नवा कागद दाखवला म्हणे, दुसऱ्या गॅरेजचा, सगळं ठीक असल्याचा. आणि किंमत पाडून दिली. ती रडली, भांडली. तो म्हणतो, अशी गाडी पुन्हा मिळायची नाही. आज सकाळी टोबीला त्यातूनच पाळणाघरात सोडलं. तिला एवढंच विचारायचं होतं — खुर्ची कुठल्या बाजूला लावू?

सुजीतने फोनवर हात ठेवला. "आई, काय सांगू?"

उजव्या, म्हटलं मी. त्याने सांगितलं. तिने थँक्यू म्हणून ठेवला.

आणि आता कळतंय — 'बसवूच नको' म्हणायचं सोडून बाजू सांगितली, त्या गाडीत पोराला मीच बसवलं.