मला सोडून सगळ्यांना

८ जुलै, मंगळ.
चौथी सलाइन झाली. किडनीचा कॅन्सर फुप्फुसात गेलाय, त्यावर ही इम्युनोथेरपी. हे औषध गाठीला हात लावत नाही. आपल्याच टी-पेशींचा ब्रेक काढतं, मग त्या लढतात. वर्गात सांगायला छान गोष्ट आहे. शाळेची रजा वाढवली. उधन्याच्या दवाखान्यातून लिंबायतला घरी येईपर्यंत रिक्षात हे माझी फाईल स्वतःच्याच मांडीवर धरून बसले.

११ जुलै
अमळनेरहून आक्का आल्या, ह्यांची थोरली बहीण. न कळवता. लग्न झाल्यापासून माझ्या वरणाला त्यांनी कधी बरं म्हटलं नाही, आज दोनदा वाढून घेतलं. वरण अळणी होतं. कुठंतरी पाणी मुरतंय.

१५ जुलै
ह्यांच्या बँकेत ऑडिट, म्हणून तपासणीला एकटीच गेले. मागे टी-पेशी तपासायला रक्त घेतलं होतं, त्याचं काय झालं विचारलं. डॉक्टर बाई गोंधळली. गुजराती आहे, माझ्या मुलाच्या वयाची. "बेन, सरने तो में गई वखते कह्युं'तुं." म्हणजे मागच्या खेपेला, मी सलाइनवर असताना, ह्यांना सांगून झालं होतं.

मग तिनंच समजावलं. पेशी फार दिवस गाठीशी झुंजून थकल्यात. जीन तेच, पण त्यांच्यावर रासायनिक खुणा बसल्यात, लढायचे जीन बंद. ब्रेक काढला तरी खुणा जात नाहीत. म्हणजे औषध लागू पडायची आशा कमी. त्या खुणा पुसणारं औषध सोबत देऊन बघायची एक चाचणी चालू आहे. खात्री नाही, त्रास मात्र होणार.
"सर तो ना पाडी गया."
माझ्या वतीनं नाही म्हणून आले. मला न विचारता. चाचणीत जागा अजून आहे का, बघून कळवा म्हटलं तिला.

१६ जुलै
ह्यांना विचारलं. म्हणाले, तुला सोसलं नसतं. कळलं असतं तर खचली असतीस. आक्कांना माहीत, बडोद्याला मुलाला माहीत, खालच्या पाटीलवहिनींनासुद्धा. म्हणूनच खिचडीचे डबे येत होते. इतकी वर्षं नववीला विज्ञान शिकवते मी. आईबापाकडून आलेले जीन, एवढंच शिकवलं. त्यांच्यावर नंतर काय बसतं ते पुस्तकात नव्हतं.
आक्का म्हणतात, "तुले काय करनं शे जानीसन? भाऊ रातभर रडस."
जाणून मी काय करणार म्हणे. रडायचं तर माझ्यासमोर रडायचं.

१८ जुलै
पेशींवर राग नाही. त्या लढून थकल्या. ह्यांनी तर लढायच्या आधीच...
जेवले नाही. विश्वासघात हाच शब्द सुचतो, दुसरा शोधला, नाही सापडला.

२१ जुलै, सोम.
दवाखान्यातून फोन. जागा आहे. उद्या सकाळी या, नीट समजावून सांगतो, मग हो की नाही ते तुम्ही सांगा. घरच्या विश्वासातल्या एका माणसाला बरोबर आणा म्हणे.

मुलाला फोन लावला आणि ठेवून दिला. आक्का देवापुढे बसल्यात. हे फोन ऐकून पलीकडच्या खोलीत उद्याच्या शर्टाला इस्त्री करतायत. मी त्यांना बरोबर या म्हटलेलं नाही.