बहात्तर किलोचा मामा

५ जानेवारी
एमबीएचं शेवटचं सेमिस्टर सुरू. यंदा वर जायचंच. संकल्प: पहाटे उठणे. रोज डायरी लिहिणे, थोडक्यात, कन्सल्टंटसारखी. भावनेच्या भरात कुठलाही निर्णय न घेणे.

या सेमिस्टरला खऱ्या कंपनीत जाऊन खऱ्या अडचणीवर सल्ला द्यायचा आहे. दोघादोघांचे गट. माझ्या वाट्याला वर्गातली टॉपर आली. मुलगी हुशार आहे, पण व्हिजन नाही. व्हिजन मी पुरवणार.

९ जानेवारी
बाकीच्यांना बँक, हॉस्पिटल, विमानतळ. आम्हाला कोणी दारात उभं करेना. शेवटी मामा धावून आला. तो सव्वीस वर्षं गाद्यांच्या कारखान्यात आहे. मालकांना म्हणाला, भाचा लाखात एक आहे, त्याला काय बघायचं ते बघू द्या. मालकांनी पैसे किती लागतील ते विचारलं. काहीच नाही म्हटल्यावर लगेच हो म्हणाले.

बायोडेटात लिहिलं: प्रोजेक्ट स्वतःच्या नेटवर्कमधून मिळवला.

१२ जानेवारी
मामाकडे मुक्कामाला आलो. कारखान्याच्या आवारातच क्वार्टर, दोन खोल्या. बाहेरच्या खोलीतला दिवाण माझा. मामीने उशीला नवा अभ्रा घातला. मामाचे गुडघे गेलेत, तरी माझी बॅग फाटकापासून त्यानेच आणली. मी फोनवर होतो.

पहाटे उठणे उद्यापासून.

१५ जानेवारी
कारखाना पाहिला. आधी स्प्रिंगा, मग फोम, मग शिलाई, शेवटी तपासणी. तपासणी म्हणजे मामा. प्रत्येक लॉटमधली एक गादी खाली टाकतात. मामा चपला काढतो, आडवा होतो, या कुशीवरून त्या कुशीवर वळतो, उठतो आणि खडूने पास किंवा नापास लिहितो. याचा पगार!

जेवणानंतरच्या लॉटला त्याला जास्त वेळ लागतो. घोरतोसुद्धा. कामगार म्हणतात, मामा घोरला की गादी पास. टॉपर हसली. मी हसलो नाही. आमचे सर म्हणतात, हाताला लागणारं फळ आधी तोडा. फळ माझ्यासमोर तोंड उघडं टाकून झोपलं होतं.

२२ जानेवारी
स्टॉपवॉच घेऊन प्रत्येकाच्या कामाचा वेळ मोजायला गेलो. स्प्रिंगवाल्यांनी माझ्या हातात झाडू दिला. शिलाईवाल्या बायकांनी विचारलं, आईला माहीत आहे का तू दिवसभर काय करतोस ते. एकीने घड्याळ काढून घेतलं, ते जेवणाच्या सुट्टीत परत दिलं. त्यामुळे डेटा फक्त मामाचा मिळाला. डेटा जिथे मिळतो तिथूनच घ्यावा लागतो. मामा माणूस चांगला. झोपेतही सहकार्य करतो.

३ फेब्रुवारी
मामाला कारखान्याच्या वजनकाट्यावर उभं केलं. कशाला रे, म्हणाला. म्हटलं, तुझ्या तब्येतीसाठी. बहात्तर भरला. जेवताना मामीला कौतुकाने सांगत होता की पोटच्या मुलीने कधी विचारलं नाही, पण भाच्याला माझी काळजी.

मामीने मला आणखी वाढलं. नको म्हणायला हवं होतं, पण समोरच्याच्या भावना दुखवू नयेत.

१० फेब्रुवारी, सकाळी
सुचलं! गादीवर माणूस कशाला? बहात्तर किलो वाळूचं पोतं, वर कप्पी, तिच्यावरून दोर. पोतं वर खेचायचं, सोडायचं. गादी टिकली तर पास. दोर ओढायला स्टायपेंडवरचा एखादा ट्रेनी. पुढच्या टप्प्यात मशीन. स्वतःच्याच पाठीवर थाप मारावीशी वाटली. हात पोहोचला नाही.

त्याच दिवशी, दुपारी
टॉपरला स्लाइड दाखवली. तिने विचारलं, हा तुझा मामाच ना. मी समजावलं की आपण नाव कुठेच घेतलेलं नाही, ‘रिसोर्स एम’ लिहिलंय, पूर्ण गोपनीय. ती म्हणाली, अख्ख्या कारखान्यात कामावर झोपणारा एकच माणूस आहे. म्हटलं, डेटा इज डेटा. तिने त्या स्लाइडवरून स्वतःचं नाव काढलं. जळते. असू दे.

२४ फेब्रुवारी
शिफारशी तयार.

पहिली, रिसोर्स एमचं पद रद्द. दुसरी, पोतं आणि कप्पी. तिसरी, ट्रेनी, एकच. चौथी, मालाच्या गादीवर यापुढे कोणीही, कुठल्याही कारणाने आडवं होणार नाही. पाचवी, पद गेल्यावर क्वार्टर रिकामं करून तिथे शोरूम. ट्रेनीला क्वार्टर नाही, गोडाऊनच्या कोपऱ्यात पथारीपुरती जागा पुष्कळ. ही पाचवी लिहिताना दिवाणावर मांडी घालून बसलो होतो. मामीने चहा आणून दिला आणि डोळ्यांना जपायला सांगितलं.

मामाचं काय होईल, हा विचार आला होता. संकल्प क्रमांक तीन आठवला. विचार गेला.

८ मार्च
उद्या प्रेझेंटेशन. घरीच तालीम घेतली. प्रेक्षक मामा आणि मामी. मामाने इस्त्रीचा शर्ट घातला आणि पहिल्या स्लाइडलाच टाळ्या वाजवल्या. रिसोर्स एमची स्लाइड आली. तासातला किती वेळ आडवा, किती वेळ घोरत, लाल-पिवळा आलेख. मामा खो खो हसला. म्हणाला, असली फुकटी माणसं सगळीकडे असतात, काढा त्याला, माझं नाव सांगा मालकांना.

याला म्हणतात स्टेकहोल्डरची संमती! स्लाइडच्या तळाशी टीप टाकली: अनुभवी कर्मचाऱ्यांचाही पाठिंबा.

मामी हसली नाही. एम म्हणजे काय, म्हणून विचारलं. मी म्हटलं, मॅनपॉवर. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. इंग्रजी कच्चं असेल.

९ मार्च
विजय! मालक पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकून बसले. पेन काढलं, मशीनवर काट मारली. म्हणाले, मशीन महाग, ट्रेनी स्वस्त. एम कोण हे त्यांनी विचारलं नाही. खिडकीतून तपासणीकडे बघून मान हलवली आणि पेन खिशाला लावलं. सरांनी बी दिला. ए हल्ली कोणालाच देत नाहीत. टॉपरला दिला, पण तिचा विषय वेगळा.

११ मार्च
भाजीत मीठ नव्हतं. मामीला सांगितलं. म्हणाली, घालून उपयोग होत नाही.

१ एप्रिल
मोठ्या कन्सल्टिंग फर्मची मुलाखत. तीन जण समोर. मी प्रोजेक्ट सांगितला, माना डोलत होत्या. एका बाईंनी विचारलं, त्या माणसाच्या सवयी इतक्या बारकाईने कशा कळल्या. म्हटलं, मी त्यांच्याच घरी राहतो, त्यांच्याच घरी जेवतो, सख्खा मामा आहे. डोलणाऱ्या माना थांबल्या. एकाने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. मुलाखतीत असा परिणाम साधणं सगळ्यांना जमत नाही.

पगार किती मागायचा याचा आकडा ठरवून ठेवला.

१२ एप्रिल
निवड टॉपरची. माझी फाइल म्हणे होल्डवर. चौकशी केली तेव्हा कळलं, तिला विचारलं होतं, सहकाऱ्याशी कधी मतभेद झाले का. तिने उदाहरण दिलं. नाव घेतलं नाही. ‘रिसोर्स बी’ म्हणाली. बी कशाचा, हे कळायला मला जिना उतरून खाली यावं लागलं. भाच्याचा.

दुसऱ्याच्या नातेवाइकांवर करिअर करणाऱ्यांची कीव येते.

३० एप्रिल
मालकांनी मामाला केबिनमध्ये बोलावलं. पाच मिनिटांत बाहेर. शिफारस जशीच्या तशी, शब्दाला शब्द. कॉलेजमधल्या किती जणांचे रिपोर्ट धूळ खात पडतात, माझा अमलात आला!

मामा घरी येऊन माझ्या दिवाणावर बसला. चपला काढायचं विसरला. म्हणाला, एम म्हणजे मीच होतो तर. मी चार्जर गुंडाळू लागलो. मग म्हणाला, आणि काढा म्हणून मीच सांगितलं की रे. एवढंच. ओरडला असता तर मी उत्तर तयार ठेवलं होतं.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. लिहून ठेवतो, म्हणजे नोंद राहील.

८ मे
मामा-मामी आज गेले. टेम्पोत सामान चढवायला मी पुढे झालो, तर मामीने माझ्या हातातली उशी काढून घेतली. अभ्रा काढला, उशी ठेवली. जाताना शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, आयत्या बिळावरचा नागोबा ऐकला होता, बीळच विकणारा पहिल्यांदा पाहिला.

गेले कुठे? माझ्याच घरी, आईकडे. शेवटी मामा म्हणजे तिचा भाऊ. हे शिफारस क्रमांक पाच लिहिताना ध्यानात आलं नव्हतं. आईचा फोन आला. माझी खोली आणि माझा पलंग मामाला दिलाय. मी कधी येऊ, असं विचारलं. आई म्हणाली, कळवते.

क्वार्टर संध्याकाळपर्यंत रिकामं करायला वॉचमनने सांगितलं. मी कोण आहे ते त्याला सांगितलं. त्याने सगळ्यांसाठी एकच नियम असल्याचं सांगितलं. नियम माझाच.

२० मे
मित्राच्या हॉस्टेलवर जमिनीवर. बारा कंपन्यांकडून उत्तर नाही, तेराव्या कंपनीने चुकून नकार दोनदा पाठवला. मालकांचा फोन आला. मी म्हटलं, पुढच्या टप्प्याचा सल्ला हवा असेल. ते म्हणाले, ट्रेनी हवाय. स्टायपेंडवर. रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते तुम्हाला माहीतच आहे.

विचार करून कळवतो म्हटलं आणि फोन ठेवण्याआधीच हो म्हणालो. ही तात्पुरती सोय. आतून सिस्टीम समजून घ्यायची आणि वर जायचं.

२ जून
रुजू. पोतं तयार होतं. शिलाईवाल्या बायकांनी त्याला शर्टाचं जुनं कापड लावलंय आणि खडूने नाव लिहिलंय: मामा. ‘मामा उचल, मामा टाक’ असं दिवसभर चालतं. मालकांनी विचारलं, हे काय नाव. मी सांगितलं, टेक्निकल टर्म आहे.

एक बारीक चूक लक्षात आली. पोतं बहात्तर किलो, मी अठ्ठावन्न. दोर ओढला तर पोतं हलत नाही, मीच लोंबकळतो. दोघा कामगारांनी मिळून ते वर चढवून दिलं, दोर माझ्या हातात दिला आणि जेवायला गेले. मामा खाली आला. मी वर गेलो. कप्पीला टाळू लागली. बायकांनी डबे बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या. मालकांनी उपाय सुचवला, कमरेला विटा बांधा. मनुष्यबळ वाढवायचं नाही, हेही रिपोर्टमध्येच आहे.

झोपायला गोडाऊनचा कोपरा. चारी बाजूंना छतापर्यंत गाद्या. मी फरशीवर, प्लास्टिक अंथरून. शिफारस क्रमांक चार. मोडली तर स्टायपेंड कापतात.

११ जून
विटा निसटतात. पाठीतून कळ जाते, ती थेट टाचेपर्यंत. पहाटे उठणे मात्र जमलं: फरशी उठवते.

दुपारी मामाचा फोन. स्वतःहून केला! मला माहीत होतं, रक्ताचं नातं तुटत नाही. म्हटलं, मामा, चुकलो असेन तर. तो म्हणाला, ते राहू दे, कामाचं बोलतो. तुझ्या गादीवर महिनाभर झोपून बघितलं. मधोमध खड्डा आहे. खडूने नापास लिहिलंय. लहानपणापासून हिच्यावर झोपलास ना, म्हणून तुला कणा नाही.

मी हसलो. वाटलं, तोही हसतोय. मागून मामीचा आवाज आला, फोन ठेवा आता, वाढलंय, मीठ बरोबर आहे का बघा. आणि फोन ठेवल्याचा आवाज.

मी फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो. तेवढ्यात आतून हाक आली, मामा टाक रे.

टाकला. वर गेलो.