बाबामियाँचा दस्ता

रुसैल, १२ जानेवारी २०२५

ती. अब्बांस सुफियानचा आदबीचा सलाम. वि. वि.,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहून फोटो पाठवतोय. मुनिबाताई वाचून दाखवील.

अब्बा, फार राग आलाय. आपल्या अरब मालकांची, अर्बाबची, वडिलार्जित रायफल जुन्या बंदुकांच्या नेमबाजीतून बाद केली. बंदूक जुनी हवी आणि कारखान्यातून निघाली तशीच हवी, असा नवा नियम. पंचांनी स्क्रू काढून नळी उचलली, तर खाली दस्त्याच्या लाकडात मराठी अक्षरं कोरलेली. कुणालाच वाचता येईनात, म्हणून मला बोलावलं. मी वेडा, खुशीत येऊन मोठ्यानं वाचलं, बाबामियाँ, जयगड, १९८७. वर हे माझे अब्बा, असंही सांगितलं. खलास! दस्ता मागाहून बसवलेला, म्हणून बंदूक नकली ठरली. कारखान्याचा दस्ता मागवून बसवा, पुढच्या महिन्यात घेऊ, म्हणाले.

अर्बाबनी बंदूक स्वतःच उचलून गाडीत ठेवली. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

दुआ करा.
तुमचा सुफियान

जयगड, १५ जानेवारी

चि. सुफियानला खूप खूप दुआ.

पत्र ऐकून तळपायाची आग मस्तकात गेली. नकली? अर्बाबच्या वालिदांनी तुटका दस्ता माझ्यापुढे ठेवला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मी रजा संपवून तिकडे कामावर परतताना कपड्यांत गुंडाळून शिसवाचा तुकडा नेला. होडीच्या फळीवर आतून नाव घालतो, तसं घातलं. त्या काळी तिथल्या बंदुका, दारं, होड्या कोण सांधत होतं? यांना जुना काळ हवा, त्यातले आम्ही तेवढे नकोत! कुरियरनं येणारं लाकूड जुनं, आणि इतकी वर्षं अर्बाबच्या गालाला लागलेलं नवं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

तू वाचलंस ते बरं केलंस. आणखी मोठ्यानं वाचायचं. पण अर्बाब आता थकलेत, त्यांचा खेळ माझ्यापायी बुडायला नको. माझा दस्ता उतरव. फक्त चुलीत घालू नकोस.

अम्मी विचारते, जेवतोस की नुसता रागच गिळतोस?

खुदा तुला सलामत ठेवो.
अब्बा

रुसैल, १६ फेब्रुवारी

ती. अब्बांस सलाम. वि. वि.,

कारखान्याचा दस्ता आला. मीच बसवला, पण हात चालत नव्हता. काल पंचांनी तो लगेच पास केला. अर्बाबनी त्यावर गाल टेकला, उचलला, पुन्हा टेकला आणि एकही गोळी न झाडता उठले. ही बंदूक माझ्या ओळखीची नाही, असं पंचांना तोंडावर सांगितलं.

मग गाडीतून तुमचा दस्ता आणवला. पंचांच्या तंबूसमोर त्यावरचं फडकं सोडलं आणि मला पुन्हा वाचायला लावलं. मी तुम्ही सांगितलंत तसं वाचलं, अब्बा. सगळं मैदान वळून बघत होतं.

यापुढे स्पर्धा नाही, असं ते म्हणतात. आज मी तुमचा दस्ता परत चढवायला घेतलाय. तुमच्या नावाशेजारी अर्बाबना त्यांचंही नाव हवंय, तसं कागदावर लिहून दिलंय. कोरायला तुमचीच जुनी पटाशी काढलीय. हात स्थिर राहावा, एवढी दुआ करा.

तुमच्या मायेतला,
सुफियान