कोपऱ्यातला बगळा

प्रिय बुटके,

फोनवरच बोलले असते, पण तुझं "बोल गं" ऐकलं की मी हवापाण्याच्या गप्पांवर घसरते. गेले तीन रविवार तेच झालं. म्हणून पत्र.

तुझा कॅमेरा ठणठणीत आहे. तुझे हात थरथरायला लागले म्हणून तो माझ्या गळ्यात अडकवताना तू बजावलं होतंस, "याला उपाशी ठेवू नकोस." नाही ठेवला. तळं, टेकडी, पुलाजवळची झाडं, दिसेल ते टिपत सुटले. वाचनालयाच्या वरच्या खोलीत आमचं फोटोंचं मंडळ जमतं, हे तुला ठाऊकच आहे. शिंपीणबाई सगळ्यांची पाकिटं गोळा करतात आणि आपल्या मनाने फोटो फळ्यावर लावतात, नावाशिवाय. आधी एक गुण सांगायचा, मग एक दोष, आणि शेवटी ज्याचा फोटो त्याने हात वर करायचा. माझा गुण ठरलेला, "रंग छान आलेत." दोषही ठरलेला, "क्षितिज कललंय." निवृत्त पोस्टमास्तर तर मान तिरकी करूनच माझे फोटो बघतात. म्हणतात, "बाई, तुमच्या तळ्यातलं पाणी सांडेल हो एक दिवस!" सगळे हसतात, मीही हसते. पण घरी येईपर्यंत ते हसू चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहतं. साठी उलटल्यावर एखादी तरी गोष्ट सरळ जमावी, असं वाटतं गं.

महिन्यापूर्वी छपाईवाल्याला म्हटलं, कॅमेऱ्याच्या कार्डावरचं सगळंच छापून दे. घाईत पाकीट न उघडताच मंडळात नेलं. फळ्यावरच्या एका फोटोपाशी सगळे खुर्च्या सरकवून पुढे झुकले. सकाळचं तळं, अर्धं धुक्यात, काठावरच्या कुंपणाची ओली तार. मला तो ओळखीचा वाटेना. मग लख्ख कळलं. कार्डावर तू काढलेला एक फोटो राहून गेला होता. पोस्टमास्तरांची मान पहिल्यांदाच सरळ होती. "दोष सापडत नाही बुवा," ते म्हणाले, "कोणाचा?" आणि बुटके, माझा हात वर गेला. कोणी ओढला नाही, आपणहून गेला.

एवढ्यावर थांबले असते तरी बरं. शिंपीणबाईंनी विचारलं, "कोपऱ्यात हे पांढरं काय?" मी ठोकून दिलं, बगळा. त्या म्हणाल्या, "त्याच्यामुळेच जीव आलाय. कोणीतरी वाट बघत बसल्यासारखं वाटतं."

शाळेतला चित्रकलेचा तास आठवतो? मी तुझ्या झाडाची नक्कल केली होती, खाली तुझ्या सहीसकट! सिस्टरनी दोन्ही कागद शेजारी धरले आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला. तू उठून म्हणालीस, "सिस्टर, तिचं झाडही मीच काढलंय." दोघी तासभर वर्गाबाहेर उभ्या राहिलो. तू पुन्हा कधी विषयही काढला नाहीस. तेव्हा मला चार शब्द बोलली असतीस, तर आज कदाचित हा हात खाली राहिला असता. बघ, अजूनही दोष तुझ्यावरच ढकलतेय.

तो फोटो आता वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर लागणार आहे. ग्रंथपालांनी पाटीसाठी माझं नाव नीट लिहून मागितलं. काल दुपारी मी ते नाव लिहायला बसले आणि सहज भिंग घेऊन बगळा बघितला. बगळा नाहीच तो. ती माझी टोपी आहे. जी घातली की तू मला कुत्र्याची छत्री म्हणायचीस, तीच. मी दगडावर पाठमोरी बसले आहे. ती आपली तळ्यावरची शेवटची फेरी. "तू हो पुढे, मी आले," म्हणाली होतीस. मला वाटलं, तुला दम लागलाय. तू त्या कुंपणाच्या खांबावर हात घट्ट टेकून माझाच फोटो काढत होतीस. जो फोटो मी काढला म्हणून मिरवते आहे, त्यात मीच बसले आहे, तुझी वाट बघत! येत्या रविवारी मंडळात उभी राहून सगळं सांगणार आहे. पाटीसाठी तुझं नाव लिहून दिलंय. पण त्यांच्याआधी तुला कळायला हवं होतं. जमलं तर ये. मला फळ्याजवळ उभी कर आणि बोल. आधी गुण सांगायचा नियम माझ्यापुरता मोडलास तरी चालेल.

तुझीच,
कुत्र्याची छत्री