डोळे मिटून उजळणी

५ ऑगस्ट २००१, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. दौंडजवळच्या कंपनीत ड्रिलिंग मशीनवर अप्रेंटिस लागलो, तरी शिक्षण सोडायचं नाही. मुक्त विद्यापीठातून बी.कॉम., दर रविवारी शिरूरला क्लास. आमचे सुपरवायझर विनोद सर म्हणाले, पहिलं वर्ष एका दमात काढ, स्टोअरच्या क्लार्कसाठी तुझं नाव देतो. मशीन सुटलंच समजायचं! टाइमटेबल: पहाटे अकाउंट्स, जेवणाच्या सुट्टीत इकॉनॉमिक्स, एस.टी.त उजळणी.

६ ऑगस्ट
पहाटे उठलो. पाणी प्यालो. परत झोपलो. शरीराचंही ऐकावं लागतं.

७ ऑक्टोबर, रविवार
एस.टी.त डोळे मिटून उजळणी चालू होती. शिरूर आलं तसं कंडक्टर हौसरावांनी खांदा धरून गदागदा हलवलं. आमच्या वडगाव रासाईचेच, म्हणून बेतानं झापलं. म्हटलं, मामा, मी झोपत नसतो, डोक्यात ताळेबंद जुळवत असतो. पुन्हा हलवू नका, सगळं मोडतं. बिचारे ओशाळले. अख्ख्या गाडीनं ऐकलं. बरं वाटलं. त्या आनंदात मिसळ खाल्ली, क्लास राहिला.

३ फेब्रुवारी २००२
गावी. हौसरावांनी वडिलांना, आमच्या आबांना, सगळं सांगितलेलं. आबा पारावर ज्याला त्याला सांगत होते, आमचं पोरगं डोळं मिटूनबी शिकतंय. त्यांचं तोंड बघून पाराला वळसा घालून घरी गेलो. उद्यापासून नक्की.

११ मे
उद्या शिरूरला अकाउंट्सचा पेपर. पुस्तक उघडलं. पानं अजून एकमेकांना चिकटलेली. हरकत नाही, अख्खी रात्र पडलीय. एका रात्रीत लोकांनी गड घेतलेत.

१२ मे, दुपार, दौंड स्टँड
रात्रभर जागलो. सकाळच्या गाडीत खिडकीशी बसलो, जरा डोळे मिटले. उघडले तर दौंड स्टँड. वाटलं, गाडी अजून सुटलीच नाही.

हौसराव हळूच जवळ आले. म्हणाले, शिरूरला जाऊन परत बी आलो, साहेब. तुमचं चाललं हुतं, म्हून कुणाला हात लावू दिला न्हाई. मागं बाया बोलत हुत्या, त्यास्नीबी गप केलं.

पेपर संपला असणार. वर्ष गेलं, क्लार्कची जागा गेली. रडू येत होतं, पण कुणाच्या नावानं रडणार?

मग त्यांनी अदबीनं विचारलं, ताळेबंद जुळला का?

जुळला, म्हटलं.

म्हणाले, आज मुक्कामी गावात जातोय, आबांस्नी सांगतो.