मागणी क्रमांक अकरा

काका,

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तुम्ही मागणी क्रमांक अकरा सोडलीत. वेळ मला पक्की माहीत आहे, कारण बैठकीचं इतिवृत्त मी लिहीत होते आणि कुलसचिवांच्या डोक्यावरचं घड्याळ बरोबर माझ्या समोर होतं. तुम्ही कागद खूप वेळ पाहिलात, एकदा माझ्याकडे पाहिलंत, आणि म्हणालात, "ठीक हाय साहेब. अकरा सोडली." एवढंच. चौदा बायकांची नोकरी पाच शब्दांत गेली. मी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले, आणि पेन इतकं दाबलं की मागच्या पानावर वळ उठले.

आज मी तुमच्या त्या वेळच्या वयापेक्षा बरीच मोठी आहे. निवृत्त होऊनही वर्षं झाली. गेल्या महिन्यात कपाट आवरताना तुमची वही हातात आली आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. मला भांडायचंय. पण कशाबद्दल भांडायचं तेच आता नीट सांगता येत नाही, आणि असं माझं याआधी कधी झालेलं नाही. तुम्हाला ठाऊक आहे, भांडणाच्या बाबतीत मी कधी अडखळत नाही.

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात मी टाइपिस्ट म्हणून लागले त्या दिवशी तुम्ही माझा अर्ज उलटसुलट करून पाहिलात आणि विचारलंत, "कॉन्व्हेंटची हायस व्हय? मग आता आमची काही खैर नाय." त्यानंतर मला तुम्ही नावानं हाक मारलीच नाहीत. 'कॉन्व्हेंट, इकडं ये', 'कॉन्व्हेंट, हे वाच'. मला राग यायचा. पण सगळं ऑफिस ज्यांना काका म्हणतं, शिपायांपासून अधीक्षकांपर्यंत ज्यांच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही, त्या कर्मचारी संघटनेच्या सरचिटणीसांना काय बोलणार? बोलले तरीही. "काका, मला नाव आहे," असं म्हटलं. तुम्ही म्हणालात, "हाय की. पर ते हजेरीपटावर शोभून दिसतं. तिथंच राहू दे."

निजामाच्या वेळी तुम्ही तहसील कचेरीत लागलात, शिक्षण सगळं उर्दूत. पोलीस ॲक्शननंतर कारभार बदलला आणि ऐन पंचविशीत तुम्हाला मराठी मसुदे लिहायला शिकावं लागलं. ते तुम्ही असे शिकलात की पुढं विद्यापीठात आल्यावर एम.ए. झालेले लोक तुमच्याकडून पत्रं तपासून घ्यायचे. पण स्वतःशी काही बोलायचं असलं की कागदाच्या कडेला उर्दूतच लिहायचात, उजवीकडून डावीकडं, भराभर. मी विचारलं की, "हे काय लिहिलंय?" तर म्हणायचात, "तुझी बदनामी." माझं पहिलं पत्र तुम्ही परत केलंत तेही आठवतं. पाण्याच्या माठांबद्दल होतं. मी अगदी नम्र, सुबक, नन्सना आवडेल असं लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात, "यात मुदत कुठाय? मुदत नसली तर ते पत्र नाय, भजन हाय. साहेब ऐकतो, डोलतो आन् फायलीत ठेवतो." तेव्हापासून आजतागायत मुदत घातल्याशिवाय मी कुणालाही पत्र लिहिलेलं नाही. सख्ख्या भावालासुद्धा नाही.

त्या चौदा बायका बेगमपुरा आणि पहाडसिंगपुऱ्याकडच्या. परीक्षेच्या हंगामात यायच्या. उत्तरपत्रिका मोजायच्या, कापडी पिशव्यांत भरायच्या, सुतळीनं शिवायच्या आणि लाखेचं सील मारायच्या. त्यांची बोटं कायम भाजलेली असायची. हंगाम संपला की घरी, पुढच्या हंगामाला पुन्हा नवा अर्ज. कायम होण्याइतके दिवस भरू नयेत म्हणून मध्येच आठवडाभर काढून टाकायचे. त्यांच्यातली थोरली मला म्हणाली होती, "बाई, मी ह्या पोरांच्या बापाच्या परीक्षेचे बी गठ्ठे बांधले, आता पोरांचे बांधते. पर कागदावर मी दर साली नवीच." मी तिला शब्द दिला. त्यांना कायम करा ही मागणी मागणीपत्रात घालीनच असं सांगितलं. तुमच्याकडे आले, तुम्ही एकदम हो म्हणालात. चौदाजणींच्या सह्या मीच घेतल्या.

आता शनिवारचं सांगते, कारण सगळं त्या शनिवारी झालं. तुम्हाला पोळ्याला गावी जायचं होतं. दुपारची बस होती. तुम्ही अकरा मागण्यांचा मसुदा माझ्या टेबलावर ठेवलात, "नीट छाप आन् आजच कुलसचिवांच्या आवकमध्ये दे," म्हणालात आणि गेलात. बायकांची मागणी त्यात दोन नंबरवर होती. मी स्टेन्सिल कापायला बसले आणि मला ते बरं वाटेना. शाळेत सिस्टरनी आमच्या डोक्यात भरवलं होतं की सगळ्यांत जोरदार मुद्दा शेवटी ठेवायचा, तोच वाचणाऱ्याच्या मनात राहतो. दोन नंबरवर ती मागणी हरवून जाईल, चपराश्यांच्या गणवेशाखाली दबून जाईल. मी ती उचलली आणि शेवटी घेतली. एकटी, खाली मोकळी जागा सोडून. तिच्या खालच्या एकेक घर वर सरकल्या. मागणीपत्र छापलं, चारच्या आत आवकमध्ये दिलं, पोच घेतली. फार छान दिसत होतं ते पान.

मंगळवारी तुम्ही बस स्टँडवरून थेट बैठकीला आलात. कपाळावर गुलाल तसाच, हातात पिशवी. दारातच मी तुम्हाला प्रत दिली. तुम्ही ती न वाचताच बसलात. पहिला तास छान गेला, बढत्या मान्य झाल्या, औषधोपचाराचं मान्य झालं. मग कुलसचिव चष्मा पुसत म्हणाले, "काका, आता नेहमीप्रमाणे खालून घेऊ या का?" तुम्ही हसून "घ्या की" म्हणालात आणि कागद उलटा केलात. पुढचं मी वर लिहिलंच आहे.

खाली लिंबाच्या झाडापाशी त्या सगळ्या थांबल्या होत्या. चांगल्या साड्या नेसून आल्या होत्या. थोरली पुढं आली. "बाई, व्हय का नाय, येवढंच सांगा." मी म्हटलं, "काकांना विचारा." हे मी तुमच्याकडे बोट दाखवून म्हटलं. तुम्ही पिशवी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "या साली नाय जमलं. माझ्यानं झालं नाय."  ती म्हणाली, "तुमच्यानं होत नव्हतं तर सह्या कशाला घेतल्या, काका? आम्ही नवऱ्याचा मार खाऊन सह्या करायला शिकलो. अंगठे घेतले असते तर येवढं वाईट नसतं वाटलं." तुम्ही मान खाली घातलीत. मला वाटलं, लाज वाटली. मला बरंसुद्धा वाटलं.

त्यानंतरच्या सर्वसाधारण सभेत मी काय बोलले ते तुमच्या कानांत शेवटपर्यंत राहिलं असेल. "काकांनी पोळ्याला बैलांना पुरणपोळी भरवली आणि दुसऱ्या दिवशी बायकांना गोठ्याबाहेर काढलं." सभागृह दणाणलं. टाळ्या थांबेनात. मला बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते कळणं फार गोड होतं हे लपवत नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "मसुदा दाखवा! क्रम कुणी लावला ते कळू द्या!" मला त्या माणसाचा प्रश्नच समजला नाही. क्रमाचं काय एवढं? तुम्ही उठलात आणि म्हणालात, "मसुदा माझ्या हातचा. क्रम बी माझाच. दुसऱ्या कुणाला विचारू नका." आणि बसलात. निवडणुकीत तुम्ही पडलात, मी सरचिटणीस झाले. तुम्ही टेबलाची किल्ली माझ्या हातात दिलीत. "खुर्चीचा डावा पाय हलतो, जपून बस," एवढंच बोललात. मी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही.

पुढचा करार करायला मी गेले तेव्हा तुम्ही निवृत्त झाला होतात. मी बायकांची मागणी पहिली घातली होती. तेच कुलसचिव होते. म्हणाले, "मॅडम, ही मागच्या खेपेला तुम्हीच सोडली होती. सोडलेली पुन्हा घेता येत नाही." मी वाद घातला. ते शांतपणे म्हणाले, "अहो, काका तर दर वेळी खालच्या तीन सोडायच्याच म्हणून घालायचे. मला बाहेर सांगायला काहीतरी, त्यांना आत मिळवायला काहीतरी. आमचं ठरलेलंच होतं ते. मागच्या वेळी मलाच नवल वाटलं, बायकांचं खाली कसं आलं म्हणून. पण त्यांनीच घातलं होतं ना?"

काका, मी त्या खोलीत "हो" म्हटलं.

तेव्हा मला एक गोष्ट उमगली आणि बाकी सगळं गोंधळून गेलं. तुमच्या मसुद्यात शेवटच्या तीन मागण्या फुसक्या होत्या. वर्षातून एकदा वेरूळच्या सहलीला विद्यापीठाची बस, थंड पाण्याचं यंत्र, आणि शनिवारची सुट्टी. त्या पडणार होत्या. मी खालून एक भरल्यावर त्या तिघींतली सगळ्यांत वरची आठवर सरकली आणि वाचली. बस वाचली. त्या वर्षी आपण सगळे विद्यापीठाच्या बसनं वेरूळला गेलो, आठवतं? मी खिडकीत बसून गाणी म्हटली. तुम्ही आला नव्हतात.

कुलसचिवांनी हे सांगितलं त्या दिवशी संध्याकाळी मी तुमच्या घरी यायला निघाले. औरंगपुऱ्यापर्यंत आले, मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि परत गेले. मग रोज वाटायचं, उद्या जाऊ. त्या बायकांच्या जागी नंतर ठेकेदार आला, मग सील मारायचंच बंद झालं. थोरली चिकलठाण्याच्या कुठल्याशा कारखान्यात झाडू मारायला लागली असं ऐकलं. तिच्याकडेही गेले नाही.

पण मला कळत नाही ते हे. 'साहेब, टाइप करताना चूक झाली,' एवढं एक वाक्य तुम्ही का बोलला नाहीत? खालच्या तीन खोट्या असतात हे उघडं पडलं असतं म्हणून? पडू द्यायचं होतं! तुमची ती ठरलेली रीत चौदा बायकांपेक्षा मोठी होती का? की मी नवी होते, तेव्हा कायमही नव्हते, कुलसचिवांनी मला काढलं असतं म्हणून? मग मला बाहेर येऊन दोन मुस्कटात द्यायच्या होत्या. सभेत मी तुमची लक्तरं काढत होते तेव्हा उठून सांगायचं होतं की ही पोरगीच दोषी आहे. तुम्ही माझ्यासाठी गप्प बसलात असं मानलं तर माझा जीव गुदमरतो. संघटनेसाठी गप्प बसलात असं मानलं तर मला तुमचा पुन्हा राग येतो. आणि कधी कधी वाटतं, मेल्याला नुसतं सुचलं नसेल, तीन तासांचा एसटीचा प्रवास करून आला होता. यातलं काय खरं? तुम्ही मला सगळं शिकवलंत आणि हे तेवढं सांगितलं नाहीत, की खालची जागा सोडायची असते. का नाही सांगितलंत? एक वाक्य लागलं असतं.

वहीत तो मसुदा आहे. बायकांच्या मागणीपुढं तुमच्या निळ्या शाईत दोनचा आकडा आहे. तो काळ्या शाईनं खोडून अकरा केलाय. खालचे सगळे आकडे एकेक घर वर केलेत, अगदी माझ्या पानासारखे. म्हणजे कुणी मसुदा मागितलाच असता तर तुमची तयारी होती. आणि त्याच काळ्या शाईत कडेला उर्दूत एक ओळ आहे. लांब नाही, बोटभर.

वही गेल्या महिन्यात सापडली असं वर लिहिलंय ते खरं नाही. ती काकूंनी तुमच्या तेराव्याला माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "हे म्हणायचे, कॉन्व्हेंटला दे, ती घेऊन जाईल." मी रिक्षातच उघडली, आकडे पाहिले, ओळ पाहिली आणि कपाटात ठेवली. मला उर्दू येत नाही. पण आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर उर्दू शाळेतले निवृत्त मास्तर राहतात. रोज सकाळी दूध घेताना भेटतात, गुडघ्यांची चौकशी करतात. ती ओळ वाचायला त्यांना अर्धं मिनिट पुरे. एवढ्या वर्षांत मी त्यांना विचारलेलं नाही.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, त्याच वहीत त्याच पानावर ठेवणार आहे. पण मुदत घालते, नाहीतर तुम्ही भजन म्हणाल. येत्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांच्या आत मला तुमचं उत्तर पाहिजे. लेखी पाहिजे, आणि मराठीत पाहिजे. मुदतीत उत्तर न आल्यास मी ही वही घेऊन वरच्या मजल्यावर जाईन.