विहीणबाईचं सगळं चांगलंच

कुरुंदा, ता. १२ मार्च १९९८

धाकटे भिके,

येशूचा सलाम. आमी खुशाल, तुमी बी असाल. तुझी म्हैस आटली का गं? आमची हळद शिजवून झाली, अंगण पिवळंधमक झालंय.

नातू सोन्यासारखा हाय. गालाला खळी, तुझ्या-माझ्या आईसारखी. विहीणबाई म्हणतात, खळी त्यांच्या घराण्याची. असू दे.

बाळंतपण करून आमच्या सूनबाईला, सुकन्येला, सोडायला आल्या, त्या अजून हायेत. लई चांगल्या बाई. लेकरू त्यांच्या पायावर न्हाताना हसतं, माझ्या पायावर गाव गोळा करतं. "तुमचे हात हळदीनं खरखरीत झाले," म्हणाल्या. मायेनंच म्हणाल्या.

हे काल लिहिलं. आज शुक्रवार, आता खरं सांगते. राखेच्या बुधवारी फादर म्हणाले, "उपवासकाळात मटण सोडणं सोपं. ज्यानं जीव जळतो ते सोडा." मी ठरवलं, इस्टरपर्यंत विहीणबाईबद्दल वाकडा शब्द तोंडातून काढायचा न्हाई. पण काल मनात आलं, तोंडातून न्हाई ना, भिकीला चिठ्ठी लिहायला काय हरकत? आज देवळात क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला गुडघे टेकले तवा कळलं, सैतान माझ्या पेनात बसलाय. खळीचं अन् हाताचं वाचलंस तेवढं विसर.

परतताना विहीणबाई सोबत होत्या. म्हणतात कशा, "मी बी व्रत धरलंय. तुमच्याबद्दल वंगाळ बोलायचं न्हाई."

मी जागीच थांबले. हिला माझ्याबद्दल काय बोलायचं होतं गं? तवापासून डोकं उठलंय. विचारायची बी सोय न्हाई, तिचं व्रत मोडंल.

इस्टरला बाप्तिस्मा हाय. लेकराला हातावर कोण नेणार म्हणून सुकन्या दोघींची तोंडं बघून राहिली. संध्याकाळी मीच म्हणलं, "विहीणबाई, तुमी घ्या. तुमच्याकडं रडत न्हाई."

त्यांनी लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं अन् चुलीकडं गेल्या. रडलं भिके, लई रडलं. मी माघारी दिलं न्हाई. रडता रडता माझं बोट धरून झोपलं. ह्याच खरखरीत हाताचं.

इस्टरला ये. त्या दिवशी व्रत सुटतं. बोलायला काही उरलं असंल तर दोघी बसून बोलू.

तोवर गोडच राहणारी,
तुझी पारूआक्का